एक ॲप, हजारों फोन

सुतारानें केलेली खुर्ची एखाद्या घरीं नीट बसली नाहीं, तर पायाखालीं कागदाची घडी सारून वेळ निभावतां येते. मोबाईल फोनवरील ॲपला अशी घडी लावण्याची सोय नाहीं. तें एका संगणकावर लिहिलें जातें आणि लाखों निरनिराळ्या फोनांवर वापरलें जातें. त्यांतील बहुतेक फोन लिहिणारानें डोळ्यांनीं पाहिलेलेही नसतात. कोणाचा पडदा अरुंद, कोणाची स्मृति तोकडी, कोणाची बॅटरी थकलेली, कोणाच्या गांवीं संदेशलहरी क्षीण. या सर्वांवर ॲप सारखें चालेल कीं नाहीं, हें अगोदर कसें जाणावें? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

हा प्रश्न आजच्या स्मार्टफोनाहून जुना आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं जावा ही संगणकभाषा प्रसिद्ध केली, ती ‘एकदां लिहा आणि कोठेंही चालवा’ अशा घोषणेसह. १९९९ मध्यें तिची लहान यंत्रांसाठीं केलेली आवृत्ति जाहीर झाली, आणि पुढील कांहीं वर्षांत नोकिया, मोटोरोला, सोनी एरिक्सन यांच्या फोनांवर जावांत लिहिलेले खेळ दिसूं लागले. परंतु कोणाच्या पडद्याची रुंदी १२८ ठिपक्यांची, तर कोणाची १७६. कळांची मांडणी निराळी, स्मृतीची मर्यादा निराळी, आणि जावाचे नियम पाळण्याची प्रत्येक कारखानदाराची रीतही निराळी. तेव्हां आज्ञावली लिहिणारांनीं त्या घोषणेलाच चिमटा काढला : ‘एकदां लिहा आणि सगळीकडे तपासा!’ आजच्या विषयाचें सारें बीज या थट्टेंत आहे.

२००८ सालीं या प्रश्नाला दोन फांटे फुटले. १० जुलै रोजीं ॲपल कंपनीनें आयफोनासाठीं ॲपांची पेठ उघडली, आणि ऑक्टोबरांत अँड्रॉइड पद्धतीचा पहिला फोन अमेरिकेंत विक्रीस आला. आयफोन एकाच कंपनीचे. त्यांचे नमुने बोटांवर मोजण्यासारखे. अँड्रॉइड मात्र गूगलनें इतर कारखानदारांस मोकळें ठेवलें, आणि ज्यानें त्यानें आपापल्या मगदुराप्रमाणें त्यावर फोन घडविले. ओपनसिग्नल या कंपनीनें आपलें ॲप किती प्रकारच्या अँड्रॉइड यंत्रांवर उतरविलें गेलें, याची मोजदाद केली. २०१२ मध्यें ती संख्या ३,९९७ भरली, २०१३ मध्यें ११,८६८ आणि २०१५ मध्यें २४,०९३. ही संख्या फोनांची नव्हे, फोनांच्या जातींची आहे. एकेका जातीस पांचच मिनिटें दिलीं तरी २४,००० जातींस २,००० तास लागतील. रोज आठ तास राबणाऱ्या माणसाचे हे २५० दिवस झाले, आणि तोंवर ॲपची नवी आवृत्ति दाराशीं येऊन उभी राहिलेली असणार. हातानें तपासण्याचा मार्ग असा खुंटला, म्हणून साधनें शोधावीं लागलीं.

पहिलें साधन सोंगाचें. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पोटांत उभा केलेला खोटा फोन. फाब्रिस बेलार या फ्रेंच तज्ज्ञानें २००३ मध्यें क्यूएमू नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती एका जातीच्या प्रोसेसरला दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचें सोंग घ्यावयास लावते. २००७ च्या नोव्हेंबरांत गूगलनें अँड्रॉइडचीं साधनें प्रथम लोकांच्या हातीं दिलीं, तेव्हां त्यांतील खोटा फोन याच पायावर उभा होता. त्या वेळीं बाजारांत अँड्रॉइडचा एकही खरा फोन नव्हता. ॲपलचा सिम्युलेटर याहून निराळा. तो फोनच्या प्रोसेसरची नक्कल करीत नाहीं, ॲपच संगणकाच्या प्रोसेसरसाठीं बांधून चालवितो. सोंगाचा गुण असा कीं तें स्वस्त पडतें आणि हवीं तितकीं घेतां येतात. दोष असा कीं सोंग उन्हांत तापत नाहीं, त्याची बॅटरी झिजत नाहीं, त्याच्या पडद्यावर ओला अंगठा पडत नाहीं, आणि कारखानदारानें आपल्या फोनांत केलेले बारीकसारीक फेरफार त्यांत उतरत नाहींत.

दुसरें साधन याहून जुनें आणि गमतीचें आहे. १९८३ मध्यें ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक तयार होत होता. त्याची स्मृति अवघी १२८ किलोबाइटांची. काम चालूं असतां ती संपून सारा डोलारा कोसळेल, ही कर्त्यांना धास्ती. स्टीव्ह कॅप्स यांनीं एक लहानशी आज्ञावली रचली. ती पडद्यावर वाटेल तेथें टिचक्या मारी आणि वाटेल त्या कळा दाबी. तिला नांव दिलें ‘माकड’. टंकलेखनयंत्रापुढें अनंतकाळ बसविलेलें माकड केव्हां तरी एखादें नाटकही लिहून काढील, ही संभवशास्त्रांतील जुनी कल्पना या नांवामागें आहे. अँड्रॉइडच्या साधनांतही याच नांवाचें एक साधन आलें. त्याला एक बीजांक दिला म्हणजे तो अंदाधुंद गोंधळ त्याच क्रमानें पुन्हां घडवितां येतो. ही सोय दिसते तितकी लहान नाहीं. जो दोष दुसऱ्यांदा दाखवितां येत नाहीं, तो दुरुस्त करणें फार कठीण असतें.

परंतु माकडाला बरें-वाईट कळत नाहीं. शंभर रुपये पाठविले असतां खात्यांतून शंभरच वजा झाले काय, हें पाहावयास विचारपूर्वक लिहिलेली कसोटी पाहिजे, आणि ती यंत्रानें स्वतः चालविली पाहिजे. जेसन हगिन्स यांनीं २००४ मध्यें शिकागो येथें थॉटवर्क्स कंपनींत असतां वेबसाइटींच्या चाचणीसाठीं असें एक साधन केलें. त्या काळीं या धंद्यांत मर्क्युरी, म्हणजे पारा, या नांवाची कंपनी बलाढ्य होती. पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियमचा, असा विनोद करून साधनाचें नांव सेलेनियम ठेवण्यांत आलें. पुढें २०११ मध्यें झूस्क कंपनींतील डॅन क्वेलार यांना आयफोनावरील चाचण्यांचा वेळ हाताबाहेर जात असल्याचें दिसून आलें, आणि त्यांनीं आपली सोय म्हणून एक साधन रचलें. २०१२ मध्यें लंडन येथील सेलेनियम परिषदेंत ते दुसऱ्याच विषयावर बोलावयास उभे राहिले. ओघांत त्यांनीं आयफोनाच्या चाचण्या सेलेनियमच्या भाषेंत लिहून दाखविल्या, आणि सभेचें लक्ष मूळ विषय सोडून त्यावरच खिळलें. हगिन्स यांनीं सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या सॉस लॅब्स या कंपनीनें त्या कामास पाठबळ दिलें आणि ॲपियम हें साधन पुढें आलें. आयफोन असो कीं अँड्रॉइड, कसोटी एकाच भाषेंत लिहावी, हें त्याचें ब्रीद.

कसोटी लिहिली, तरी ती चालवावयाची कोणत्या फोनांवर? येथें इतिहास घरांकडे वळतो. फोन सांभाळणाऱ्या घरांकडे. २०१२ मध्यें इंग्लंडांतील ब्रायटन गांवीं जेरेमी कीथ यांनीं आपल्या कचेरींतले कांहीं फोन मांडून ठेवले आणि गांवांतील कोणाही कारागिरानें येऊन आपली वेबसाइट त्यांवर पाहावी, असें जाहीर केलें. लोक आले, आणि येतांना स्वतःजवळचे फोनही तेथें ठेवावयास घेऊन आले. हा कित्ता पुढें इतर गांवांनीं गिरविला. आपल्या मुंबईंतही २०११ मध्यें रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल या पवईच्या आय.आय.टी.च्या दोन पदवीधरांनीं ब्राउझरस्टॅक ही संस्था काढली. प्रथम निरनिराळे ब्राउझर आणि पुढें खरे फोनही दुरून चालवूं देणें, हा तिचा व्यवसाय झाला. २०१५ मध्यें ॲमेझॉननें असें भाड्याचें यंत्रगृह उघडलें, आणि गूगलनेंही त्याच वर्षीं आपलें जाहीर केलें. सर्वांत भव्य खटाटोप फेसबुकचा. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यांत प्राइनव्हिल येथें सुमारें २,००० फोन लोखंडी मांडण्यांत ठेवल्याचें त्या कंपनीनें २०१६ मध्यें प्रसिद्ध केलें. एकेका मांडणींत ३२ फोन. इतके फोन एकत्र आले म्हणजे त्यांच्या बिनतारी लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून प्रत्येक मांडणी लहरी अडविणाऱ्या पेटीसारखी बंद करावी लागली.

तथापि दोन हजार फोन म्हणजे चोवीस हजार नव्हेत. निवड करावीच लागते, आणि निवडीचें शास्त्र शेतांतून आलें आहे, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. जमिनीच्या कसामुळें पिकाच्या प्रयोगांत येणारी फसगत टाळावी, म्हणून रोनाल्ड फिशर यांनीं इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें विशिष्ट चौरसांत वाणांची मांडणी केली. १९४० नंतरच्या दशकांत सी. आर. राव यांनीं त्याच विचारधारेंत ज्या कोष्टकांचा सिद्धान्त मांडला, त्यांचा उपयोग पुढें सॉफ्टवेअरच्या चाचणींत झाला. १९९२ मध्यें ए.टी. अँड टी. कंपनीच्या नियतकालिकांत अशा चाचणीचा जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत माधव फडके हें नांव आहे. समजा, फोनांच्या २० जाती, ६ भाषा, अक्षरांचे ५ आकार आणि ४ प्रकारचें नेटवर्क आहे. सर्व मेळ तपासावयाचे तर २,४०० चाचण्या होतात. पण पुष्कळसे दोष दोनच गोष्टींच्या गांठींतून उपजतात, हा अनुभव धरून प्रत्येक जोडी निदान एकदां यावी एवढेंच पाहिलें, तर १२० चाचण्यांत काम भागतें. अर्थात् तीन गोष्टींच्या गांठींत लपलेला दोष यांतून निसटूं शकतो. ही काटकसर जाणून-बुजून पत्करलेली असते.

आतां खरा प्रश्न उरतो तो असा कीं, त्या २० जाती कोणत्या? २०१३ मध्यें फेसबुकनें आपले कांहीं लोक आफ्रिकेंत धाडले. तेथें विकत मिळणारे निरनिराळे अँड्रॉइड फोन घेऊन त्यांनीं स्वतःचेंच ॲप चालवून पाहिलें. नेटवर्क तुटक, फोनची स्मृति अपुरी. ॲप रखडत उघडे आणि वारंवार कोसळे. महिन्याभराचा डेटा ४० मिनिटांत संपून गेला! पुढील वर्षीं कंपनीनें हा अनुभव स्वतःच प्रसिद्ध केला आणि ॲपचा आकार ६५ टक्क्यांनीं घटविल्याचें सांगितलें. म्हणजे सुधारणा अशक्य नव्हती. कचेरींतील उत्तम फोनांवर तिची निकडच कोणास भासली नव्हती.

आपल्या भाषेनेंही हें भोगलें आहे. २०११ च्या अखेरीस अँड्रॉइडची चौथी आवृत्ति येईपर्यंत अनेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागीं रिकामे चौकोन दिसत. कोठें अक्षरें दिसलीं तरी जोडाक्षरें फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागें जाऊन बसे. रोमन लिपींतल्या चाचणींत हा दोष शंभर फोनांवर शंभर वेळां पाहूनही सांपडला नसता. त्यासाठीं चाचणीच्या यादींत एक मराठी वाक्य असणें अवश्य होतें.

२०१६ मध्यें यूपीआय सुरू झाल्यानंतर आपल्या देशांत भाजीवाल्याचे पैसेही फोनवरून चुकते होऊं लागले. अशा वेळीं कोणता फोन चाचणीच्या टेबलावर ठेवावयाचा, हा प्रश्न कारागिरांपुरता राहत नाहीं. पांच वर्षांपूर्वींचा, कांच तडकलेला, स्मृति भरत आलेला फोन ज्या बाईच्या हातांत आहे, तिचें ॲप अडलें म्हणजे ती तक्रार लिहावयास जात नाहीं. आपल्यालाच हें जमत नाहीं, असें ती समजते आणि शेजारच्या मुलाला हांक मारते. तिचा दोष नसतो. तिच्या फोनसारखा फोन कोणीं तपासून पाहिलेला नसतो, इतकेंच.