पाठीतले पाणी आणि प्रयोगशाळेतील उंदीर

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर रुग्णाच्या पाठीतले पाणी काढून तपासतात, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. या पाण्याचे शास्त्रीय नाव मस्तिष्कमेरुद्रव. मेंदू व मेरुरज्जू या नितळ द्रवात बुडालेले असतात. प्रौढ माणसात तो सुमारे १५० मिलीलीटर असतो आणि दिवसातून तीन-चार वेळा नवा होतो. मेंदूतील घडामोडींची वार्ता त्यात उतरते, म्हणून त्याचे मोल. हा द्रव मनुष्याच्या हाती कसा आला याचा इतिहास पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते, आणि तीच आज आपणांपुढे मांडावी असे आम्हांस वाटते. ज्या हाताने हा द्रव काढला, त्या हाताच्या हळुवारपणावरच मिळालेल्या ज्ञानाचा खरेपणा अवलंबून राहिला आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा द्रव शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेतून बहुतांशी निसटला, याला त्यांची विच्छेदनाची रीतच कारण होती. प्रेताचे शिर आधी धडावेगळे करीत व मग कवटी उघडीत. तोवर पाणी गळून गेलेले असे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने ही रीत सोडली. शिर न तोडता सुमारे वीस प्रेते उभी ठेवून त्याने कमरेच्या मणक्यांपाशी छेद घेतला, तेव्हा पाणी वाहू लागले. हा शोध त्याने १७६४ साली प्रसिद्ध केला.

पुढे फ्रान्समध्ये फ्रांस्वा माझांदी याने १८२५ च्या सुमारास जिवंत जनावरांत हाच द्रव दाखवून दिला व त्याला नावही दिले. माझांदी मोठा शास्त्रज्ञ खरा, परंतु भुलीचे औषध अद्याप निघावयाचे होते, आणि त्याच्या प्रयोगांतील क्रौर्याविरुद्ध इंग्लंडात १८२४ पासूनच काहूर उठले होते. मानेचे स्नायू कापून द्रव काढला की जनावर झोकांड्या खाते, हे पाहून द्रव गेल्यानेच तोल जातो असा सिद्धान्त त्याने बांधला. १८४५ साली लाँजे याने दाखवून दिले की द्रवाला धक्का न लावता मानेचे स्नायू नुसते कापले तरी जनावर तसेच झोकांडते. म्हणजे माझांदीने जे पाहिले तो त्याच्याच सुरीचा परिणाम होता. जनावराने यातना सोसल्या आणि शास्त्राच्या पदरी मात्र चूक पडली.

१८९१ साली जर्मनीतील कील येथे हाइन्रिख क्विंके याने कमरेच्या दोन मणक्यांमधून पोकळ सुई घालून द्रव काढण्याची रीत प्रसिद्ध केली. डोक्यात पाणी साचून त्याचा दाब वाढलेल्या रुग्णांस आराम पडावा, हा त्याचा पहिला हेतू होता. निदानासाठी त्या पाण्याचा उपयोग आहे, हेही त्याच्या लवकरच ध्यानी आले. एका रुग्णाचे पाणी पुन्हा पुन्हा काढून रोगाचा चढउतार पाहता येऊ लागला.

माणसाच्या बाबतीत हे साधले, तरी उंदराच्या बाबतीत फार काळ साधले नाही. मोठ्या पांढऱ्या उंदरात हा द्रव जेमतेम पाच-सहा थेंब असतो. लहान उंदरात तो ३५ ते ४० मायक्रोलीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. त्यात रक्त किंचित मिसळले तरी नमुना फुकट जातो, कारण रक्तातील प्रथिने या द्रवातील प्रथिनांहून शेकडो पट असतात. म्हणून उंदराचा एक नमुना घेऊन त्याला मारून टाकण्याची चाल पडली. परंतु आज मारलेल्या उंदराची तुलना महिन्याने मारलेल्या दुसऱ्या उंदराशी करून रोगाची वाटचाल कशी कळावी?

१९९५ नंतर विस्मृतिरोगाच्या अभ्यासासाठी मानवी जनुक असलेले उंदीर तयार होऊ लागले. तो रोग महिनोन्‌महिने वाढतो, म्हणून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला. कवटीच्या तळाशी, मानेच्या मागे, या द्रवाचे एक टाकेच असते. उंदराला भूल देऊन मानेचे स्नायू न कापता हलकेच बाजूला सारतात व काचेच्या केसासारख्या नळीचे टोक त्या टाक्याच्या पडद्यातून आत नेतात. पाणी आपोआप नळीत चढते. ५ ते १५ मायक्रोलीटर पुरतात. जखम शिवली की उंदीर जगतो, आणि काही काळाने त्याचाच नमुना पुन्हा घेता येतो. मोठ्या उंदरात तर कातडी न चिरता नुसत्या सुईनेही हे साधते.

१९५९ साली रसेल व बर्च या इंग्लंडातील दोघांनी प्रयोगकर्त्यांना तीन गोष्टी सांगितल्या: जमेल तेथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, रीत सौम्य करा. भारतातही १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली. पण येथे एक पेच आहे. एकाच उंदराकडून वारंवार नमुना घेतल्याने अनेक उंदीर वाचतात हे खरे. तथापि त्या एकाला भूल व जखम पुन्हा पुन्हा सोसावी लागते. दहांचा भार एकावर टाकणे याला दया म्हणता येणार नाही. हात सौम्य असेल, मधे पुरेशी विश्रांती असेल आणि ठरल्या वेळी थांबण्याचा निश्चय असेल, तरच हा हिशेब न्याय्य ठरतो. शिवाय सुजलेल्या, घाबरलेल्या जनावराचा द्रव रोगाबरोबर आमच्या दांडगाईचीही वार्ता सांगू लागतो, हे माझांदीच्या उदाहरणावरून आपण शिकलो आहोत.

यास्तव प्रयोगशाळेतील सौम्यपणाला निव्वळ भूतदया समजू नये. तो शास्त्राच्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे. ज्या मुक्या जीवाकडून आपण अर्धा थेंब उसना घेतो, त्याची निदान एवढी कदर तरी आपण राखली पाहिजे.