कळंबचा माळ आणि लंडनची जहाजवाट

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्या देशातील बंदरांवर राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली त्या दिवशी 'लॉयल्टी' ही भारतीय मालकीची आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. या तारखेचा इंदापूर तालुक्याशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. समुद्र इथून कितीतरी दूर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख आभाळाकडे बघून जगणारा. पण ती बोट ज्यांच्या पुढाकाराने निघाली, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आज तालुक्यातील एका गावाने धारण केले आहे. याच भागात वाढल्यामुळे मला लहानपणी वालचंदनगर म्हणजे उसाच्या गाड्या, भोंगा आणि मळीचा वास एवढेच ठाऊक होते. त्या नावामागे लंडन, सॅन फ्रान्सिस्को आणि हाँगकाँग उभे आहेत, हे पुष्कळ उशिरा वाचनातून समजले. वालचंदांचे दूरचे प्रवास, त्या प्रवासांत ठरलेले सौदे आणि घराजवळचा एक सौदा असे सारे एकत्र मांडून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कोरडा मुलूख, पाटाचे पाणी

आधी आपल्या मातीकडे पाहू. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला प्रिंगल यांनी ठरवलेला शेतसारा इंदापूरच्या रयतेला पेलवला नाही आणि जमिनी ओस पडू लागल्या. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची सुधारित सारापद्धत १८३६ साली पहिल्यांदा लागू झाली ती इंदापूर तालुक्यातच. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खते जाळली गेली. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वणव्याची झळ इंदापूरलाही लागली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला.

या अनुभवातून नीरेच्या पाण्याचा विचार पुढे आला. भाटघरचे धरण आणि १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा यांनी बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाणी आणले. पण पाटाला पाणी आले म्हणून शेतकऱ्याच्या हातात भांडवल येत नाही. ऊस म्हटला की बेणे, खत, मजुरी आणि वर्षभर थांबण्याची ऐपत लागते. कर्जात रुतलेल्या कुणब्याकडे ती नव्हती. १९२८ साली भाटघरचे नवे, मोठे धरण पुरे झाले आणि पाण्याला मोठ्या गिऱ्हाइकाची गरज आणखी वाढली. वालचंद या मुलखात आले ते या पोकळीत.

कंत्राटदार आणि त्याची आगबोट

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळ काठेवाडातील वाकानेरचे, दिगंबर जैन. सराफी आणि कापसाचा घरचा व्यापार तरुण वालचंदांना रुचला नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले आणि ते कंत्राटदार झाले. अनुभव एकाचा, भांडवल दुसऱ्याचे आणि काम सरकारच्या परवान्याचे ही मांडणी त्यांनी तेव्हा शिकून घेतली. पुढचे सगळे उद्योग याच मांडणीवर उभे राहिले, असे मला वाटते.

'लॉयल्टी'ची गोष्ट तिथूनच समजते. ही बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेऊन रुग्णनौका म्हणून दिली आणि तिचे नाव बदलले. युद्ध संपल्यावर ती विकायची आहे, ही खबर वालचंदांना आगगाडीच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाकडून मिळाली, असे सांगितले जाते. डब्यातल्या गप्पा आपण सगळेच मारतो. वालचंदांनी त्या गप्पांचा सौदा केला. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि काही दिवसांतच बोट लंडनला निघाली.

सोलापूरच्या माणसाला बोटीचे वेड का लागावे? मला वाटते, हे वेड नव्हते, हिशेब होता. माल आपला, बाजार आपला, पण वाहतुकीचे भाडे ठरवणार ब्रिटिश कंपन्या. हे भाडे ज्याच्या हातात, नफाही त्याच्याच हातात, ही गोष्ट कंत्राटदाराच्या नजरेतून सुटणारी नव्हती.

पण बोट घेणे सोपे होते, टिकवणे अवघड. प्रवासी आगबोट म्हणून 'लॉयल्टी' परवडली नाही आणि १९२३ साली ती भंगारात गेली. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीची कोंडी केली. त्याच वर्षी झालेल्या दहा वर्षांच्या कराराने सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते बांधून ठेवले. लंडनचे स्वप्न मुंबई, कोलकाता आणि रंगूनच्या फेऱ्यांवर आले. तरी कंपनी जगली, हेही त्या काळात थोडे नव्हते.

पॅसिफिकवरची भेट

दुसरा प्रवास १९३९ चा. मोटारींचा कारखाना काढण्यासाठी वालचंद अमेरिकेत बोलणी करून आले. त्यातून पुढे क्रायस्लरशी करार, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि तिथल्या मोटारी असे घडत गेले. परतताना ते सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगकडे जाणाऱ्या विमानात बसले. तिथे त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. उतरेपर्यंत हिंदुस्थानात विमान कारखाना काढण्याची बोलणी सुरू झाली होती.

ही गोष्ट नेहमी योगायोगाची म्हणून सांगितली जाते. पण नुसत्या योगायोगाने कारखाना उभा राहत नाही. सरकारने आधी फारसा उत्साह दाखवला नाही. १९४० मध्ये फ्रान्स पडला, युद्धाचा रंग बदलला, तेव्हा दार उघडले. म्हैसूर संस्थानाने, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने, बंगळूरला जमीन आणि भांडवल दिले. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. ज्या युद्धाने दार उघडले त्यानेच मालकी नेली. १९४१ मध्ये सरकार भागीदार झाले आणि १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारभार हाती घेतला. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ तिथे आहे.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये तिथेही बहुतांश मालकी सरकारकडे गेली. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल १९५३ रोजी, वालचंदांचे निधन झाले.

जवळचा सौदा

समुद्र आणि आकाश सरकारकडे गेले. उरला तो कळंबचा माळ. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. जावा बेटाच्या स्वस्त साखरेवर जकातीची भिंत उभी राहिली आणि नीरेच्या कालव्यावर ऊस लावणे एकदम फायद्याचे झाले. मार्सलँड प्राइस या कंपनीमार्फत कळंबच्या शिवारात मळे उभे राहिले, १९३४ च्या सुमारास साखर कारखाना चालू झाला आणि भोवती वसाहत वाढली. पुढे याच गावी साखर कारखान्यांची यंत्रे तयार होऊन आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात गेली. इस्रोच्या एसएलव्ही-३ पासूनच्या प्रक्षेपकांसाठी मोटारींची कवचे इथे घडली. इंदापूरच्या फिटर-वेल्डरांनी हात लावलेले लोखंड अवकाशाच्या दिशेने गेले, याचा या तालुक्याला रास्त अभिमान आहे.

मात्र या सौद्याला दुसरी बाजू आहे. मळ्यांसाठी लागलेली पुष्कळशी जमीन शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतलेली होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे सरकारकडे आले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे सोपवले गेले. आमच्याकडचा रत्नपुरी मळा त्यांतलाच. जमीन कंपनीची नव्हती, आमची होती, ती आम्हाला परत द्या, असे म्हणत खंडकरी शेतकरी मोर्चे, अर्ज आणि कोर्टकचेऱ्या करत राहिले. त्यांच्यापैकी अनेकांना जमिनी परत मिळू लागल्या त्या एकविसाव्या शतकात. खंडपत्रावर अंगठा उठवला आजोबांनी, सातबारा हाती आला नातवाच्या.

गं. दे. खानोलकरांनी वालचंदांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. त्यामुळे जहाज, विमान आणि मोटार यांचे सौदे आपल्याला माहीत आहेत. खंडकऱ्यांचे चरित्र कुणी लिहिलेले नाही. वालचंदांची झेप कमी लेखावी असे मी म्हणत नाही. परक्या सत्तेखाली, घरचा विरोध आणि बाजारातली कोंडी सोसून एका माणसाने ते सगळे मांडले, हे खरेच आहे. पण ज्या साखरेने त्यांच्या उद्योगसमूहाला भक्कम पाया दिला, ती या लोकांच्या जमिनीत पिकली. लंडनच्या कराराला मुदत होती दहा वर्षांची. कळंबच्या कराराची मुदत तीन पिढ्यांनीही संपता संपली नाही.

या भागातील कितीतरी घरांत, देव्हाऱ्याखालच्या पेटीत किंवा फडताळात, ती खंडपत्रे, पावत्या आणि मोडीतले कागद अजून असतील. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते पाहून, वाचून, त्यांच्या प्रती जपून ठेवल्या पाहिजेत. जमीन परत मिळाली की कागदाची गरज संपली, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. इतिहासाला त्यांची गरज तिथूनच सुरू होते.