जखम सांगते पेटीची गोष्ट : पाळीव सापावरच्या उपचारांचा छोटा इतिहास



या मालेत आपण बहुतेक वेळा माणसाच्या औषधोपचाराचा इतिहास पाहतो. आजचा रुग्ण वेगळा आहे. तो ओरडत नाही, लंगडत नाही, दुखलं तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही. पाळीव सापाच्या कातडीला लहानशी जखम झाली, तर ती ओळखायची कशी आणि तिच्यावर करायचं काय, एवढाच आपला प्रश्न. किरकोळ वाटेल. पण त्याचं नीट उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. कारण लक्ष जखमेकडे होतं आणि दोष बऱ्याचदा पेटीत होता.

सुरुवात लंडनपासून करू. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात साप-सरड्यांसाठी स्वतंत्र घर उघडलं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं. तीनच वर्षांनी, १८५२ मध्ये, गर्लिंग नावाचा तिथला कर्मचारी नाग चावून मेला. सापाच्या संदर्भात ‘जखम’ म्हटलं की लोकांना हीच आठवायची, म्हणजे सापाने माणसाला केलेली. सापाला झालेली जखम हा कुणाच्या काळजीचा विषय नव्हता.

चित्र बदलताना दिसतं ते १९२३ नंतर. त्या वर्षी जोन प्रॉक्टर ही तरुण बाई त्याच संस्थेत सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. स्वतः सतत आजारी असायची. १९३१ मध्ये, जेमतेम चौतिसाव्या वर्षी गेली. पण अजगर आणि मगरी हाताळण्यात, त्यांचे आजार ओळखून उपचार करण्यात तिचं नाव झालं. आणि तिचं सगळ्यात मोठं काम कोणतं? तर एक इमारत. १९२७ साली उघडलेल्या नव्या सर्पगृहाची कल्पना तिची. तिथे विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी ऊब देण्याची सोय होती. आज आपण मागे वळून पाहिलं, तर ही इमारत म्हणजे निम्मा उपचारच होता असं म्हणावं लागतं. असं का, ते आता पाहू.

आपल्या जखमा भरतात तेव्हा आपलं शरीर सदतीस अंशांवर असतं. ही गोष्ट इतकी गृहीत धरलेली आहे, की औषधाच्या बाटलीवर ती कधी लिहिलेली नसते. साप स्वतःची उष्णता अशी तयार करत नाही, ती तो बाहेरून घेतो. शिवाय त्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही. तो पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो, म्हणून शेकून-दाबून गळू फोडण्याचा घरगुती उपाय इथे चालत नाही. तो गोळा पशुवैद्याला कापूनच काढावा लागतो.

आता औषधांचं बघा. लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाची जंतुनाशक पद्धत मांडली, ती माणसांसाठी. पोव्हिडोन आयोडीन आणि क्लोरहेक्सिडीन ही १९५० च्या दशकातली, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम १९६० च्या दशकातलं, भाजलेल्या माणसांसाठी. सापाच्या वैद्याची पेटी ही अशी उसनवारीवर भरलेली. औषधं आली, पण त्यांच्यामागचं ते गृहीत धरलेलं उबदार शरीर काही बरोबर आलं नाही.

ही उणीव प्रयोगांतून दिसायला १९७० चं दशक उजाडलं. १९७५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जंतुसंसर्ग केला आणि त्यांना ३४ ते ४२ अंश सेल्सियस अशा वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. जास्त उबेतले सरडे जास्त संख्येने वाचले. मग १९८८ मध्ये कॅनडात गार्टर सापांच्या कातडीवरच्या जखमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तापमानं तीन : साडेतेरा, एकवीस आणि तीस अंश. तीस अंशांतल्या सापांच्या जखमा लवकर भरल्या. म्हणजे मलम तेच, जखम तीच, आणि पेटी थंड असेल तर उपचार अर्धवट.

तोपर्यंत साप प्राणिसंग्रहालयातून घराघरांत पोचले होते. अमेरिकेत आणि युरोपात कॉर्न स्नेक आणि आफ्रिकेतला बॉल पायथन हे लोकांचे आवडते झाले. घराबरोबर घरातल्या जखमाही आल्या. इथे इतिहासाच्या अभ्यासकाची सवय कामाला येते. जुना कागद हातात आला की आपण आधी विचारतो, हा कुठे सापडला? जखमेलाही तेच विचारायचं. ती अंगावर कुठे आहे?

नाकाच्या शेंड्यावर खरचटलेलं असेल, तर साप काचेवर किंवा जाळीवर तोंड घासतोय. त्याला लपायला जागा नाही, किंवा पेटी लहान आहे. पाठीवर, मानेजवळ कुरतडल्यासारखे व्रण असतील, तर खायला सोडलेल्या जिवंत उंदराने चावे घेतलेत. साप भुकेला नसला की शिकारच शिकाऱ्याला खाते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वैद्यांच्या ओळखीचं आहे. पोटाचे खवले लाल किंवा तपकिरी, फोड आलेले असतील, तर दोन शक्यता : खालचं अंथरूण सतत ओलं आणि घाण आहे, किंवा तापवलेल्या पृष्ठभागावर भाजलंय. दुकानांतून विकले जाणारे विजेचे ‘गरम दगड’ यासाठी कुप्रसिद्ध झाले. साप पोळत असूनही तिथून हलत नाही. वरून थंडी असली की तो त्याच दगडाला बिलगून राहतो.

आणि कधीकधी जखम ही जखम नसतेच. खवल्यांच्या कडेला, डोळ्याभोवती काळे बारीक ठिपके चालताना दिसले, तर त्या सापाच्या गोचिडीसारख्या माइट आहेत. त्या रक्त पितात, आणि सापांमध्ये रक्तात पसरणारा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतात, हे १९४८ मध्येच दाखवलं गेलं होतं. तसंच अर्धवट निघालेली कात चिकटून राहिली, तरी नवख्याला ती जखम वाटते. ती ओढून काढली की मात्र खरोखरच जखम होते.

मग वरवरच्या, लहान जखमेला करायचं काय? कोमट सलाइनने हळूच धुवायचं. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं की लावायचं. दाट लावलं तर नव्या पेशींनाच इजा होते. पशुवैद्याने सांगितलं तर सिल्व्हर सल्फाडायझिनचा पातळ थर. माणसांची वेदनाशामक मलमं नकोत, हळदीचा लेपही नको. पेटीतला भुसा काढून कोरा कागद अंथरायचा, म्हणजे जखमेत कण जात नाहीत आणि रक्त किंवा ओल लगेच दिसते. पाण्याचं भांडं असू द्यावं, पण पेटी दमट नको. जिवंत उंदीर बंद. आणि ऊब : बॉल पायथनसाठी एक बाजू साधारण ३१ ते ३३ अंश, दुसरी थंड, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवता येतं. थर्मोस्टॅट हवाच.

मग वाट पाहायची. आठवडे जातात. आपल्याकडे ‘कात टाकली’ म्हणजे सगळं नवं झालं. प्रत्यक्षात एका कातेत जखम पुसली जात नाही. प्रत्येक कातेनंतर व्रण थोडा थोडा सुधारतो, आणि खोल असेल तर खवल्यांची नक्षी तिथे कायमची मोडलेली राहते. जखम खोल असेल, भाजलेली असेल, तोंडात असेल, वास येत असेल, सूज चढत असेल, तर घरी प्रयोग न करता सरळ पशुवैद्य गाठायचा.

आपल्या देशाबद्दल दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर असे देशी साप घरी ठेवता येत नाहीत. जखमी साप दिसला तर वनविभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवायचं, मलम घेऊन पुढे जायचं नाही. पण बंदिवान सापाच्या जखमा आपल्यालाही नव्या नाहीत. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले असत, कधी तोंड शिवलेलं असे, आणि आपण समोर हात जोडून उभे असू. तिथेही टोपलीत काय चाललंय हे विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट बरोबर न्यावी. परदेशातून ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी साप आहे, त्यांनी तर नक्कीच. जंगलातल्या सापाला जखम झाली तर तो उन्हाकडे सरकू शकतो, ओल सोडून जाऊ शकतो. पेटीतल्या सापाचं ऊन, ओल, आडोसा सगळं आपण ठरवलेलं असतं. त्यामुळे त्याच्या अंगावरची जखम आधी वाचायची, पेटी दुरुस्त करायची, आणि मग बाटलीचं झाकण उघडायचं. हा क्रम उलटा धरला तर तीच जखम पुन्हा होते.

आता प्रश्न घेऊया.