पॅसेज घरात धरायचा की बाहेर?

वरळीच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, माझं बालपण गेलं. ‘घर केवढं होतं?’ असं कुणी विचारलं की मी आजही अडखळतो. कागदावर खोली 160 चौरस फुटांची. पण उन्हाळ्यात आम्ही झोपायचो पॅसेजमध्ये, दहावीचा अभ्यास केला पॅसेजमध्ये आणि आजोबा गेले तेव्हा त्यांना आंघोळ घातली तीही पॅसेजमध्येच. मग हिशेब करायचा कसा?

ही रचना कुणाला समाज घडवायचा होता म्हणून झाली नाही. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झालं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. संकल्प 50,000 खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे इमारतीत 80. मधून एक पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं, समोरासमोर. एकाच वाटेवर दोन रांगा बसल्या की जागा वाचते, पैसा वाचतो.

गिरगावातल्या चाळी वेगळ्या. तिथली गॅलरी चौकाकडे उघडते. 1893 साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. अशा चाळीत चौकात कार्यक्रम असला की प्रत्येक मजल्याची गॅलरी आपोआप प्रेक्षागृह होते. आमच्याकडे तसं काही नव्हतं. पॅसेजमध्ये भर दुपारीही अंधारच.

तरीही दारं उघडी असत. का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. खोलीला खिडकी एकाच बाजूच्या भिंतीला. वारा खेळायचा तर समोरचं दार उघडं हवं. ज्या मोकळेपणाचे आपण एवढे गोडवे गातो, त्यामागे माणसांचा चांगुलपणा असेलही, पण आधी हवेची गरज होती. दार उघडं म्हटल्यावर समोरच्या तव्यावर काय आहे, कुणाचा पगार झाला नाही, कोणती सून रुसली आहे, हे सगळं आपसूक कळे.

पण याच भिंतींनी दुसरंही पाहिलं आहे. जानेवारी 1974 मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली आणि बीडीडीच्या इमारती एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. नकाशा सगळ्या इमारतींचा एकच, पॅसेजही तसेच. मात्र अमुक नंबरची चाळ बौद्धांची, तमुक नंबरची मराठ्यांची, ही वाटणी कुठल्याही वास्तुविशारदाने केली नव्हती. पॅसेज एका मजल्याला जवळ आणतो. समोरच्या इमारतीपर्यंत तो पोचत नाही. चाळीच्या आठवणी लिहिणारे (त्यांत मीही आलो) हे पान बहुधा उलटून पुढे जातात.

दुसरं उलटलेलं पान संडासांचं. अख्ख्या मजल्याला सामायिक. रात्री एकटीने जायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणारी माझी आई मला आठवते. चाळ गेल्याची हळहळ मी तिच्यापुढे व्यक्त केली तेव्हा ती म्हणाली, “तुला रांगेत उभं राहावं लागलं नाही, म्हणून बोलतोस.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. खोलीच्या तिप्पट जागा, आत स्वतःचा संडास. जुन्या मजल्यावरच्या एका मावशींकडे मी गेलो होतो. त्यांनी हौसेने सगळं घर दाखवलं, फ्लश दोनदा ओढून दाखवला. बोलता बोलता उठून त्यांनी दार सताड उघडलं, उंबऱ्याशी पाट टाकला आणि लसूण सोलायला बसल्या.

समोर लिफ्टचं दार होतं. आम्ही तासभर बोलत होतो. तेवढ्या वेळात ते दोनदा उघडलं. एकदा पार्सलवाला आला होता, दुसऱ्यांदा आत कुणीच नव्हतं.