नागपुरातील बाजारपेठांचा पुनर्विकास आणि लोकसहभाग

नागपुरातील बाजारपेठांचा पुनर्विकास म्हणजे शहरातील जुन्या मंडया, आठवडी बाजार आणि व्यापारी संकुले यांची नव्याने आखणी व बांधणी करण्याची प्रक्रिया. महानगरपालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास या प्रक्रियेतील प्रमुख संस्था आहेत. गाळेधारक, ओटेधारक, पथविक्रेते, शेतमाल आणणारे शेतकरी, ग्राहक आणि परिसरातील रहिवासी यांचे हितसंबंध तिच्यात गुंतलेले असतात. यांपैकी कोणाचे म्हणणे, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कायद्याखाली ऐकले जाते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

गोंड राजा बख्तबुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसवले. जुन्या शहरातील इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही वारांची नावे बाजाराच्या परंपरेची आठवण देतात. इतवारी ही घाऊक व्यापाराची, तर सीताबर्डी ही किरकोळ खरेदीची प्रमुख पेठ म्हणून वाढली. नागपूर सुधार प्रन्यास अधिनियम १९३६ साली झाला. त्यानंतर आखलेल्या वस्त्यांमुळे शहर पसरत गेले आणि दैनंदिन खरेदीसाठी वस्तीजवळच्या बाजारांचे महत्त्व वाढले. पश्चिम भागातील गोकुळपेठ आणि दक्षिणेकडील सक्करदऱ्याचा बुधवार बाजार ही अशा बाजारांची परिचित उदाहरणे होत. २ मार्च १९५१ रोजी नागपूर महानगरपालिका अस्तित्वात आली.

एकविसाव्या शतकात या बाजारांच्या जमिनीचे अर्थकारण बदलले. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली आणि पुढे तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मार्च २०१९ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटर पट्ट्यात भूखंडाचे क्षेत्रफळ व रस्त्याची रुंदी यांनुसार कमाल ४ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक देण्याची तरतूद झाली. त्यामुळे एकमजली मंडईची जागा बहुमजली संकुलासाठी अधिक किफायतशीर ठरू लागली.

हरकती व सूचनांची कायदेशीर प्रक्रिया

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा नियोजनाचा मूळ कायदा आहे. त्याच्या कलम २६ नुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करून नागरिकांकडून ३० दिवसांत हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ अन्वये नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी राज्य शासन देते. नागपूरची सुधारित विकास योजना २००० साली मंजूर झाली.

मंजूर योजनेतील एखाद्या जागेचे आरक्षण वा वापर बदलायचा असल्यास कलम ३७ लागू होते. त्यात जाहीर सूचना देऊन एक महिन्यात हरकती मागवणे, बाधित व्यक्तींना स्वतंत्र सूचना देणे आणि त्यांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे.

या प्रक्रियेला एक महत्त्वाची मर्यादा आहे. जागा आधीच बाजारासाठी आरक्षित असेल आणि नव्या प्रकल्पातही बाजारच राहणार असेल, तर वापर बदलत नाही. अशा वेळी या कायद्याखाली स्वतंत्र जाहीर सुनावणी बंधनकारक ठरत नाही. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने निर्णायक असलेल्या बाबी, म्हणजे नव्या गाळ्याचे क्षेत्रफळ, तो कोणत्या मजल्यावर असेल, भाडे, वाटपाचा क्रम आणि बांधकामाच्या काळातील पर्यायी जागा, या नकाशात नव्हे तर निविदेच्या अटींत आणि करारनाम्यात ठरतात.

पथविक्रेत्यांचे स्थान

गाळेधारकाकडे निदान भाडेपट्टा किंवा परवाना असतो. बाजाराच्या कडेला बसणाऱ्या विक्रेत्याकडे बहुधा तोही नसतो. पथविक्रेता (उपजीविकेचे संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ ने ही उणीव अंशतः भरून काढली. महानगरपालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला असतात. व्यापारी संघटना व रहिवासी संघटना यांनाही समितीत स्थान आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण किमान दर पाच वर्षांनी व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये आणि स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची सूचना द्यावी, असे हा कायदा सांगतो. सर्वेक्षणात आढळलेला नैसर्गिक बाजार विक्रीमनाई क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. सीताबर्डीतील मुख्य रस्त्यावर पथविक्रेते, दुकानदार आणि पादचारी यांच्या हक्कांचा वाद दीर्घकाळ चालू असून तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

माहितीचा अधिकार आणि लोकप्रतिनिधी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये स्वतःहून प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांना बंधनकारक आहे. धोरण ठरवताना लोकांशी विचारविनिमयाची कोणती व्यवस्था आहे, हेही त्यांनी जाहीर करावयाचे असते. निविदेच्या अटी निघण्यापूर्वी त्यांची माहिती मिळवण्यासाठी गाळेधारकांना या तरतुदीचा आधार घेता येतो.

बाजाराविषयी नागरिकांची गाऱ्हाणी सभागृहात मांडण्याचे काम परंपरेने नगरसेवक करीत आले. मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला आणि निवडणुका लांबल्याने हा दुवा दीर्घकाळ तुटलेला राहिला.

अन्य शहरांतील उदाहरणे

बाजाराच्या इमारतीवरून सार्वजनिक मतभेद होणे नवे नाही. ज्योतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या खर्चिक इमारतीला विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. ही इमारत १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली आणि पुढे तिलाच महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. नागपुरातही कॉटन मार्केट परिसरातील भाजीबाजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईत १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटच्या खाजगी विकासकामार्फत पुनर्विकासाला विरोध झाल्यानंतर मूळ वारसा इमारत जपून महापालिकेने स्वतः काम हाती घेतले.

मूल्यमापन

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे व मत मागवणे या मधल्या पायऱ्या असून त्यांवर लोकांना निर्णयाचा अधिकार मिळत नाही. तो भागीदारीपासून पुढे सुरू होतो. या निकषावर हरकती व सूचनांची प्रक्रिया मधल्या पायऱ्यांवरच राहते, कारण आलेली सूचना स्वीकारण्याचे बंधन प्राधिकरणावर नसते. पथविक्रेता समितीतील निवडून आलेले सदस्यत्व त्याहून एक पायरी वर आहे, मात्र तिचे अधिकार मंडईच्या आतील गाळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. परिणामी गाळेधारक, ओटेधारक आणि पथविक्रेते एकाच बाजारात असूनही तिघांची दाद मागण्याची ठिकाणे वेगवेगळी राहतात. ग्राहकांसाठी आणि माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तर विकास योजनेवरील सर्वसाधारण हरकतीपलीकडे स्वतंत्र व्यवस्था नाही.