गोवा ट्रान्स : किनाऱ्यावरून फाटकाआड

हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या रात्रपार्ट्यांत १९८०च्या दशकात रॉकची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली; १९९०च्या दशकात युरोपात ते ‘गोवा ट्रान्स’ म्हणून विकले जाऊ लागले. या पार्ट्यांना बहुधा प्रवेशशुल्क नसे, मात्र चटया अंथरून चहा विकणाऱ्या स्थानिक स्त्रियांना त्यांतून रोजगार मिळे. केंद्राच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर खुल्या जागेतील ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आणले. पहाटेपर्यंत चालणाऱ्या संगीताच्या हे मुळावरच आले. २००७मध्ये कांदोळीत सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव प्रायोजक व परवान्यासह या चौकटीत बसला. २०१६मध्ये तो पुण्याला हलला, म्हणजे किनाराही अनिवार्य राहिला नाही. या स्थित्यंतरास अभिरुचीचा विजय म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. निर्णायक ठरला तो परवाना. चटईवरील चहाची जागा फाटकाआतल्या कंत्राटी स्टॉलांनी घेतली.