चिया

चिया (शास्त्रीय नाव: साल्व्हिया हिस्पॅनिका) ही तुळशीच्या कुळातील, मूळची मेक्सिको व ग्वातेमाला येथील वर्षायू वनस्पती आहे. अलीकडे वाशीम जिल्ह्यात ती रब्बी पीक म्हणून घेतली जाते. सब्जाचे बी दिसायला चियासारखे असले व भिजल्यावर तसेच फुगत असले, तरी ती वनस्पती निराळी आहे.

१०० ग्रॅम बियांत सुमारे ३४ ग्रॅम तंतू, १७ ग्रॅम प्रथिने व ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तंतूंमुळे मलावरोधात उपयोग होतो, अर्थात सोबत पुरेसे पाणी प्यायल्यास. चियामुळे वजन घटते, हा बाजारात सर्रास केला जाणारा दावा मात्र संशोधनाने ठामपणे सिद्ध झालेला नाही. मधुमेहावरील औषधांना तर हे बी पर्याय नव्हेच.

बी स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषते, म्हणून ते कोरडे खाणे धोक्याचे असते. २०१४ मध्ये अमेरिकेत नोंदवल्या गेलेल्या एका प्रकरणात रुग्णाने चमचाभर कोरडे बी खाऊन वर पाणी प्याले. बी अन्ननलिकेत फुगून अडकले आणि दुर्बिणीच्या साहाय्याने अडथळा दूर करावा लागला. गिळण्यास त्रास होणाऱ्यांनी चिया टाळणे इष्ट. रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते नियमित खाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.